चाळीसगावचा टांगा ते नागरी हक्कांचा कायदा : खानदेशाने पाहिलेले बॅरिस्टर आंबेडकर

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. साक्री, पिंपळनेर, शिंदखेडा, शिरपूर, मालेगाव अशा गावागावांतून उपासक-उपासिका, तरुण, म्हातारी माणसे तिथे येतात. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब धुळ्यात आले होते आणि या बंगल्याशी त्यांच्या मुक्कामाची आठवण जोडलेली आहे, हे घराघरात माहीत आहे. पण ते धुळ्यात कशासाठी आले होते, असे विचारले की अनेक तरुण थांबतात. सभेसाठी, असे काही जण सांगतात. खरे उत्तर साधे आहे. ते कोर्टाच्या कामासाठी आले होते. अंगावर वकिलाचा काळा कोट होता आणि हातात एका खटल्याचे कागद होते.

आमच्या मते हे उत्तर महत्त्वाचे आहे. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, बोधिसत्व म्हणून वंदन करतो. पण घटना लिहिण्याआधी अनेक वर्षे हा माणूस जिल्ह्याजिल्ह्याच्या कोर्टांत उभा राहिला होता. कायदा कुठे तोकडा पडतो, साक्षीदार कसा फुटतो, गाव एक झाले की गरिबाचे काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याबरोबर डोळ्यांनी पाहिले होते. त्यातले काही त्यांनी आपल्या खानदेशातच पाहिले. ओळख, न्याय आणि नागरी हक्क यांविषयीचे त्यांचे विचार कसे घडले, हे समजून घ्यायचे तर आपल्या भागापासून सुरुवात करता येते.

मसूर स्टेशन, १९०१

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला राहिले. १९०१ च्या उन्हाळ्यात लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियरची नोकरी करत होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, डोक्यावर टोप्या, बोलणे शुद्ध. स्टेशन मास्तरला वाटले, ही चांगल्या घरची, वरच्या जातीची मुले असावीत. त्याने चौकशी केली आणि मुलांनी निरागसपणे आपण महार असल्याचे सांगितले. मास्तरचा चेहराच बदलला. तो मागे सरकला.

कपडे तेच होते, मुले तीच होती, बोलणेही तेच. एका शब्दाने सगळे बदलले. ओळख म्हणजे काय, याचा हा त्यांना मिळालेला पहिला मोठा धडा. आपण कोण आहोत हे आपल्या गुणांवर ठरत नव्हते. समोरचा आपल्यावर जो शब्द चिकटवतो, त्यावर ते ठरत होते.

पुढे बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊ म्हटले तरी गाडीवान तयार होईनात, कारण महारांना घेऊन गाडी हाकली तर ते बाटणार होते. शेवटी तडजोड निघाली. भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. त्या रात्री मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. ही तडजोड लक्षात ठेवा. अठ्ठावीस वर्षांनी हीच तडजोड चाळीसगावला पुन्हा समोर येणार आहे.

डिग्र्या मिळाल्या, घर मिळेना

त्यानंतरचा प्रवास आपल्याला पाठ आहे. एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीस गेले. तिथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आडनाव लपवून राहावे लागले आणि खरे कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी त्याच माठातले पाणी पिणे खटकले.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेसाठीही मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे घ्यावे लागले. मोठे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे पाठवत नसत. म्हणून त्यांनी मुंबईबाहेरच्या जिल्हा कोर्टांतली कामे घेतली, गरिबांचे खटले घेतले आणि घर चालवण्यासाठी शिकवण्याही केल्या.

त्यांनी कुणाकुणाची बाजू घेतली हेही पाहण्यासारखे आहे. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. संततिनियमनाचा आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हाही त्यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. तो खटला ते हरले. पण एकट्या पडलेल्या माणसाचा बोलण्याचा हक्क हा त्यांना आपला प्रश्न वाटत होता. नागरी हक्क म्हणजे फक्त आपल्या जातीचे हक्क असे त्यांनी कधी मानले नाही, याचा हा पुरावा.

चाळीसगाव, १९२९

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्षाच्या नावावरून ती स्टार्ट समिती म्हणून ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते, ठक्कर बाप्पाही होते. समितीने काम वाटून घेतले आणि बाबासाहेबांच्या वाट्याला खानदेशचे दोन्ही जिल्हे आले. आजचे साक्री तेव्हाच्या पश्चिम खानदेशात होते, जळगाव-चाळीसगाव पूर्व खानदेशात.

१९२९ साली हे काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करायला ते त्या गाडीने गेले, परिस्थिती समजून घेतली आणि परत चाळीसगावला आले. स्टेशनवर समाजबांधव हार घेऊन उभे होते. त्यांच्या आग्रहामुळे रात्री मुक्काम करायचे ठरले होते. वस्ती स्टेशनपासून दोनएक मैलांवर, नदीपलीकडे. पायी जाता येण्यासारखी. पण तासभर कुणी हलेना. शेवटी एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच.

थोडे अंतर गेल्यावरच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीपुलाशी वळण घेताना घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आपटले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. टांगा आणि घोडा नदीत पडला. ते बेशुद्ध झाले. लोकांनी उचलून त्यांना वस्तीत नेले. पायाचे हाड मोडले होते. बरेच दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

नंतर त्यांनी चौकशी केली तेव्हा खरा प्रकार कळला. स्टेशनवरचा कोणताही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या साहेबांनी पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना मान्य नव्हते. मग तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा. वस्तीतला जो माणूस हाकायला बसला, त्याने पूर्वी टांगा हाकलेला नव्हता.

मसूर आणि चाळीसगाव शेजारी ठेवून पाहा. तेव्हा दहा वर्षांचे पोर होते, आता बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचा पंडित, सरकारी समितीचा सदस्य. तरीही अट तीच : गाडी मिळेल, हाकायची तुमची तुम्ही. मधल्या अठ्ठावीस वर्षांत बाबासाहेबांनी मिळवलेली एकही पदवी त्या टांगेवाल्यापुढे चालली नाही. त्या घटनेविषयी त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले, तेव्हा लोकांनी आपला मान राखण्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. आपल्याच माणसांवर राग न धरता, पण सत्य न लपवता.

‘शिकलो की जात सुटते’ असे आजही अनेक घरांत म्हटले जाते. चाळीसगावचा टांगा त्याला उत्तर आहे. शिक्षणाने माणूस उभा राहतो. पण समोरचा माणूस टांगा हाकायला नाही म्हणाला, तर त्याला जाब विचारणारा कायदा लागतो. तो कायदा तेव्हा नव्हता.

खानदेशातून लंडनला

समितीचा अहवाल १९३० साली आला. त्यात बहिष्काराविषयी जे नोंदवले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. अस्पृश्यांजवळ जमीन नाही, ते गावच्या शेतमालकांच्या मजुरीवर आणि गावकीच्या कामावर जगतात. त्यांनी हक्क बजावला की गाव एक होते. काम बंद, गुरांना चरायला जागा बंद, रोजची वाट बंद, दुकानातला किराणा बंद. आणि कारण काय? विहिरीवर पाणी भरले, चांगले कपडे घातले, दागिना घातला, जमीन घेतली, नवरदेवाला घोड्यावर बसवून भर रस्त्याने वरात काढली.

त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी तिथे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. आपल्याकडे या योजनेतला मतदारसंघांचा भागच जास्त बोलला जातो. पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांचा खानदेशाशी थेट संबंध आहे.

पहिली गोष्ट नागरी हक्कांची. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांसाठी १८६६ आणि १८७५ साली नागरी हक्कांचे कायदे झाले होते. बाबासाहेबांनी त्यांचा आधार घेऊन मसुदा केला : धर्मशाळा, शाळा, रस्ते, तळी, विहिरी, करमणुकीची ठिकाणे आणि सार्वजनिक वाहने वापरण्यास जो कोणी अस्पृश्यतेमुळे मनाई करील, त्याला तुरुंगवासाची शिक्षा व्हावी. सार्वजनिक वाहने हे शब्द वाचताना चाळीसगावचा टांगा आठवल्यावाचून राहत नाही. मोडलेल्या पायाचा माणूस वर्षभराने लंडनमध्ये कायद्याचे कलम लिहीत होता.

दुसरी गोष्ट बहिष्काराची. ब्रह्मदेशात १९२२ साली बहिष्काराविरुद्ध कायदा झाला होता. त्यातल्या तरतुदी घेऊन बाबासाहेबांनी मागणी केली की बहिष्कार टाकणे, टाकायला चिथावणे, टाकण्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे ठरावेत. आधाराला त्यांनी स्टार्ट समितीचाच अहवाल पुढे केला. धुळे लाइनवरच्या त्या गावात जे चालले होते, त्याच प्रकारचे दुःख अशा रीतीने साम्राज्याच्या राजधानीत पोहोचले.

इथे कायदेपंडिताची दृष्टी समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतला १८७५ चा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने १८८३ मध्ये रद्द ठरवला होता. कारण असे दिले गेले की घटना सरकारला भेदभाव करण्यापासून रोखते, खाजगी माणसाला नाही. म्हणजे हॉटेलवाला, गाडीवाला, नाटकगृहाचा मालक मोकळा. भारतात अस्पृश्यता पाळणारा बहुतेक वेळा सरकारी अधिकारी नसून शेजारीच असतो. त्यामुळे नुसत्या सरकारला बांधणारे हक्क आपल्याला पुरणार नव्हते. हक्क शेजाऱ्याविरुद्धही चालला पाहिजे, हा बाबासाहेबांचा आग्रह इथून समजतो.

चवदार तळे : पुराव्याची लढाई

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी प्याले, हे आपण दरवर्षी साजरे करतो. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले, ते कमी सांगितले जाते. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा दाखल केला : तळे आमचे, अस्पृश्यांना न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना तळ्यावर जाण्यापासून थांबवले आणि कोर्टाची लढाई कोर्टात लढायचे ठरवले. खालच्या कोर्टांत निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अपील हायकोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने ते फेटाळले.

हा विजय होता. पण त्याची मर्यादाही समजून घेऊ. अस्पृश्यता अन्यायाची आहे असे हायकोर्टाने म्हटले नाही. फिर्यादींना अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध करता आली नाही, एवढेच ठरले. म्हणजे ती सिद्ध झाली असती तर? जुन्या कायद्यापुढे रूढी पुराव्याने सिद्ध झाली की तिला मान मिळत होता. दहा वर्षे लढून एका तळ्याचा हक्क मिळाला. देशात अशी तळी आणि विहिरी किती!

या निकालानंतर साडेचार महिन्यांनी बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात आले. तेव्हा ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधिमंडळात निवडून गेलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी खोती पद्धत आणि महार वतन यांविरुद्ध विधेयके मांडली. कोर्टात एकेक खटला लढायचा आणि विधिमंडळात कायदाच बदलायचा, अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

घटनेत उतरलेले अनुभव

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेत जे आले ते एकट्या माणसाचे नव्हते, संपूर्ण संविधान सभेचे होते. पण काही कलमे वाचताना मसूर, महाड, चाळीसगाव डोळ्यांपुढे येतात.

कलम १५ चा दुसरा भाग दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबाबत भेदभावाला मनाई करतो. कलम १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करते आणि तिचे पालन शिक्षापात्र ठरवते. ही कलमे फक्त सरकारला बांधत नाहीत. दुकानदाराला बांधतात, शेजाऱ्याला बांधतात. अमेरिकेच्या कोर्टाने जी पळवाट मोकळी ठेवली होती, ती इथे बंद झाली. रूढी कितीही जुनी सिद्ध केली तरी ती आता मूलभूत हक्कापुढे टिकत नाही. कलम २३ वेठबिगारी बंद करते. आणि हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, ते कलम ३२. बाबासाहेब या कलमाला घटनेचा प्राण मानत, कारण दाद मागायची वाट नसेल तर हक्क कागदावर राहतो, हे वकिलाला पक्के माहीत असते.

पुढची गोष्ट आमच्या तरुणांना फारशी माहीत नसते. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५४ साली राज्यसभेत अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचे विधेयक आले, तेव्हा ते साधे सदस्य म्हणून बोलायला उभे राहिले. विधेयकाच्या नावालाच त्यांनी हरकत घेतली. हा न्हावी-धोब्यांपुरता किरकोळ कायदा वाटतो, याच्या नावात नागरी हक्कांचे संरक्षण आले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सामाजिक बहिष्काराची ठोस तरतूद नाही, ही त्रुटीही त्यांनी दाखवली. गुन्हा आपसांत मिटवता येईल ही तरतूदही त्यांना पटली नाही, कारण तडजोड दुबळ्यावरच लादली जाते. १९५५ साली कायदा झाला तो जुन्याच धाटणीच्या नावाने. १९७६ साली सुधारणा होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि गुन्हे मिटवण्याची सोय काढून टाकली गेली. बाबासाहेबांचे म्हणणे मान्य व्हायला दोन दशके लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला. गोलमेज परिषदेतल्या मागणीला तेव्हा ८६ वर्षे झाली होती.

ओळख ठरवणार कोण?

मसूरच्या स्टेशनवर दुसऱ्यांनी चिकटवलेली ओळख बाबासाहेबांनी आयुष्यभर दोन वाटांनी उलटवली. एक वाट कायद्याची : कोणत्याही ओळखीचा माणूस असो, नागरिक म्हणून हक्क समान. दुसरी वाट स्वतःची ओळख स्वतः निवडण्याची. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि एकवीस वर्षे अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ही निवड फुकटची नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचे लाभ हिंदूंपुरते होते. बौद्ध झालो की सवलती जाणार, हे दीक्षा घेणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना कळत होते. तरी त्यांनी दीक्षा घेतली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे एका पिढीने सन्मानाची किंमत मोजली.

आज फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, जातीच्या दाखल्याचे काय होईल, नाव सांगितल्यावर खोली भाड्याने मिळेल का, असे प्रश्न आमचे तरुण विचारतात. घाबरून बौद्ध हा शब्द लपवणारेही आम्ही पाहतो. अशा वेळी आम्ही एवढेच सांगतो. बडोद्यात नाव लपवून राहावे लागले त्या माणसाने पुढे लाखो लोकांसमोर आपली ओळख उघडपणे निवडली. आणि ती निवडणाऱ्याला नुकसान होऊ नये म्हणून कायदाही बदलून घ्यावा लागतो. दोन्ही कामे आपली आहेत. एक करून दुसरे सुटत नाही.

साक्रीच्या मातीत

साक्री तालुका आदिवासीबहुल आहे. कोकणा, भिल्ल, मावची बांधव आपले शेजारी. म्हणून बाबासाहेबांविषयी लिहिताना एक प्रामाणिक नोंद आम्हाला करावीशी वाटते. १९४५ साली त्यांनी प्रतिनिधित्वाची जी योजना मांडली, तिच्यात आदिवासींना जागा दिली नव्हती. त्यांच्यात अजून राजकीय जाण विकसित झालेली नाही, असे त्यांचे मत होते. आदिवासी विचारवंतांनी यावर टीका केली आहे आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. पुढे घटनेत अनुसूचित जमातींना राखीव जागा आणि पाचव्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. त्यात जयपालसिंग मुंडांसारख्यांच्या आवाजाचा वाटा मोठा होता. महामानवाचे प्रत्येक मत अंतिम मानणे हा त्यांचा मार्ग नव्हता, तो आपलाही नसावा. साक्रीत आदिवासी आणि बौद्ध एकत्र उभे राहिले तर त्या योजनेत राहिलेली जागा आपण भरू शकतो.

आणि राईनपाडा विसरता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच साक्री तालुक्यातल्या या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवर फिरणारी अफवा, अनोळखी चेहरे, भिक्षेकऱ्यांचे कपडे. एवढ्यावर निकाल लागला आणि शिक्षाही दिली गेली. मारले गेलेले कष्टकरी भटके होते, मारणाऱ्या गर्दीतही गरीबच होते. मसूरच्या स्टेशन मास्तरने एका शब्दावरून मुलांची पारख केली होती. राईनपाड्यात जमावाने तशीच पारख केली, फक्त परिणाम जीवघेणा झाला. संविधान सभेत बाबासाहेब ज्या घटनात्मक नीतिमत्तेविषयी बोलले, ती आपोआप उगवत नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांचे सांगणे होते. राईनपाडा हे ती न जोपासल्याचे फळ आहे. म्हणून न्यायाची मागणी करताना आपणही पाहावे की आपल्या वस्तीत अनोळखी फिरस्ता आला तर आपण त्याला कोणत्या नजरेने पाहतो.

तरुण मित्रांनो, जयंतीला मिरवणूक निघावी, निळा झेंडा उंच जावा, यात आम्हालाही आनंद आहे. पण बॅरिस्टर आंबेडकरांचे काम पुढे न्यायचे तर काही कोरडी, कंटाळवाणी वाटणारी कामे शिकावी लागतील. नागरी हक्क संरक्षण कायदा, अॅट्रॉसिटी कायदा आणि बहिष्कारविरोधी कायदा यांची मराठी प्रत प्रत्येक बुद्धविहारात असावी आणि कुणीतरी ती वाचून दाखवावी. घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, उपस्थित माणसे लिहून ठेवावीत, कारण महाडचा निकाल पुराव्यावर लागला होता. फिर्यादीवर मिटवून घेण्याचा दबाव येतो तेव्हा त्याच्या घरी जाऊन बसणारी चार माणसे लागतात. साक्षीदाराची मजुरी बुडाली तर ती भरून देणारा निधी लागतो, कारण बहिष्काराचे हत्यार पोटावरच चालते. आणि दरवर्षी प्रत्येक गावातून निदान एक मुलगा, एक मुलगी कायद्याच्या शिक्षणाला जावी. धुळ्याच्या, साक्रीच्या कोर्टात आपल्या लोकांसाठी काळा कोट घालून उभे राहणारे जितके जास्त, तितके बाबासाहेब आपल्यात जास्त.

चाळीसगावच्या लोकांचे प्रेम खरे होते. पण टांगा हाकता येणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता, आणि बाबासाहेबांचा जीव जाता जाता वाचला. आज घटनेची गाडी आपल्या हाती आहे. ती हाकायला शिकणे, हेच त्यांना खरे अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!